पहिलीच्या वर्गात ऋतूंच्या मागोमाग: कोकणात नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

कोकणात शाळा जूनच्या मध्याला उघडते तेव्हा पाऊस बहुतेक वेळा आधीच आलेला असतो. घाटावरून, मराठवाड्यातून किंवा विदर्भातून इथे रुजू होणाऱ्या शिक्षकाला हा पहिला धक्का असतो. बीड-जालन्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलीमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत तो ३००० मिलीमीटरच्या वर जातो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. म्हणजे पहिलीत आलेल्या मुलाचा शाळेशी परिचय होतो तो भर पावसात. पत्र्यावर आवाज एवढा की फळ्याजवळचं बोलणं मागच्या मुलाला ऐकू येत नाही, व्हाळाला (ओढ्याला) पाणी चढलं की पलीकडच्या वाडीतली मुलं येऊ शकत नाहीत. याच दिवसांत वर्गाला पाहण्याची सवय लावता येते. ती कशी लावायची, हे इथे क्रमाने सांगते.

पहिलीला विज्ञान नावाचा विषय नाही, परिसर अभ्यासाचं पुस्तक तिसरीत येतं. म्हणून कितीतरी जण हे काम तिसरीवर सोडून देतात. मला ते मुळीच पटत नाही. सहा वर्षांच्या मुलाचं विज्ञान म्हणजे एकच गोष्ट रोज पाहणं, काल आणि आज यांत काय बदललं ते सांगणं, आणि पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं. एखाद्या दिवशी मोठा प्रयोग करून दाखवला तर मुलं टाळ्या वाजवतात, पण हातात काही राहत नाही. एक बाटली दोन महिने रोज पाहिली तर राहतं. आणि निपुण भारतसाठी जे भाषेचं आणि अंकांचं काम तुम्हाला करायचंच आहे, ते यातच होऊन जातं. वेगळी तासिका शोधावी लागत नाही.

पहिल्या आठवड्यातली तयारी

विकत आणायचं फारसं काही नाही. दोन-तीन भिंगं, मेणखडू, दोरा, चिकटपट्टी आणि जाड कागद एवढं पुरतं. बाकीचं मुलं घरून आणतात: सरळ भिंतीच्या प्लास्टिकच्या बाटल्या, आइस्क्रीमचे रिकामे डबे, नारळाच्या करवंट्या, जुन्या पेपरची रद्दी. खिडकीजवळचा एक बाक मोकळा करा. तो ‘बघायचा बाक’. वाटेत सापडलेलं काहीही तिथे ठेवायला मुभा द्या: पिसं, शेंग, रिकामा शंख, कातीचा तुकडा.

बाकाचे नियम तीनच ठेवा. हात लावायचा, तोंडात घालायचं नाही. जिवंत किडा-मुंगी आणली तर शाळा सुटायच्या आत जिथून आणली तिथेच सोडायची. आणि ज्याने वस्तू आणली तो ती कुठे सापडली हे सगळ्यांना सांगणार.

पावसाळ्यातल्या कागदाबद्दल आधीच सांगून ठेवते, कारण बाहेरून आलेल्यांना हे उशिरा कळतं. जून ते ऑगस्ट इथे हवा इतकी दमट असते की स्केचपेनची शाई कागदावर पसरते, जलरंग दिवसभर वाळत नाहीत आणि खळीने चिकटवलेल्या तक्त्यावर आठवड्याभरात बुरशी धरते. म्हणून मेणखडूच वापरा. चित्रं भिंतीला चिकटवण्याऐवजी दोरीवर चिमट्याने अडकवा. प्रत्येक मुलाला एक बिनरेघी वही द्या आणि ती दप्तरात न ठेवता वर्गातच, पत्र्याच्या पेटीत ठेवा.

एक तासिका कशी घ्यायची

पस्तीस मिनिटांत हा क्रम नीट बसतो. सुरुवातीचे काही आठवडे तो मोडू नका. मुलांना तो पाठ झाला की मग लवचीक व्हा.

१. वस्तू मधोमध ठेवा आणि गप्प बसा. दोनेक मिनिटं मुलांना नुसतं पाहू द्या, हाताळू द्या.

२. ‘काय दिसतं?’ एवढंच विचारा. ‘का?’ हा प्रश्न लगेच नको. सहा वर्षांचं मूल ‘का’ ऐकलं की बरोबर उत्तर कोणतं असेल ते तुमच्या चेहऱ्यावर शोधू लागतं.

३. अंदाज घ्या. तरंगेल की बुडेल? उद्या वाढलेलं असेल की तेवढंच? हात वर करून नको, दगड ठेवून घ्या: दोन करवंट्या, प्रत्येकाच्या हातात एक खडा, ज्याला जे वाटतं त्या करवंटीत टाकायचा. लाजरं मूलही खडा टाकतं. वर मोजणी होते, कमी-जास्त होतं.

४. आता हात चालू द्या. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाला वेगळं सामान. एका टेबलावर शिक्षक करतोय आणि पंधरा मुलं पाहताहेत असं करू नका.

५. वहीत चित्र. चित्राखाली मूल जे सांगेल ते एक वाक्य तुम्ही लिहा, त्याच्याच शब्दांत.

हे पाचवं पाऊल मला सर्वांत मोलाचं वाटतं. मूल म्हणालं, ‘बाई, पाणी खंय गेला?’ तर तसंच लिहा. त्याचं प्रमाण मराठीत रूपांतर करायची घाई नको. स्वतःच्या तोंडचं वाक्य कागदावर उमटलेलं पाहिलं की मूल ते बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचतं, आणि वाचनाची सुरुवात तिथूनच होते. पुस्तकातलं वाक्य त्याशेजारी हळूहळू येऊ द्या. तुम्हाला मालवणी किंवा संगमेश्वरी बोली येत नसेल तर उत्तमच: मुलांना विचारा, ती शिकवतील, आणि वर्गात एक वेगळाच मोकळेपणा येईल.

शाळा दोनशिक्षकी असेल, पहिली ते चौथी एकाच खोलीत बसत असेल, तरी काही अडत नाही. तिसरी-चौथीची मुलं मोजपट्टीने मिलीमीटर वाचतात, पहिलीची तेच काम कागदाची पट्टी कापून करतात. पटसंख्या कमी असलेल्या शाळेत असं काम फार छान जमतं.

पाऊसपट्टी: जून ते सप्टेंबर रोजचं काम

एकच उपक्रम करायला वेळ असेल तर हा करा.

एक लिटरची सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या. गळा जिथे निमुळता व्हायला लागतो तिथे कापा (कापायचं काम तुमचं) आणि तो भाग उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवा. वरचं तोंड आणि बाटली यांची रुंदी सारखीच हवी. रुंद नरसाळं लावलंत तर पाणी जास्त जमेल आणि उंची खोटी येईल. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून त्यात बारीक खडी घाला आणि भिंत सरळ होते तिथवर पाणी भरा. त्या रेषेवर बाहेरून लाल चिकटपट्टी लावा. ही झाली शून्याची खूण.

बाटली अंगणात मोकळ्या जागी, चार चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या मोठ्या विटांच्या) मधे अडकवून ठेवा. पागोळीखाली नको, माडाखाली नको. रोज परिपाठानंतर दोन मुलं जाऊन पाहतील. शून्याच्या खुणेपासून पाणी जिथवर आलं तेवढी कागदाची पट्टी बाहेरून धरून कापायची, तिच्यावर तारीख घालायची आणि दोरीवर क्रमाने लटकवायची. मग बाटलीतलं जास्तीचं पाणी खुणेपर्यंत ओतून टाकायचं. पाणी साठू दिलंत तर डास होतात.

पाऊस पडला नाही त्या दिवशी दोरीवर जागा मोकळी सोडा. सोमवारच्या पट्टीत रविवारचंही पाणी असतं, म्हणून ती वेगळ्या रंगाची करा. हे तुम्ही सांगण्याआधी मुलांनाच विचारा: ‘आजची पट्टी एवढी लांब कशी?’ कोणीतरी सुट्टीची आठवण काढतंच.

पंधरा दिवसांनी दोरीवर एक आलेख तयार झालेला असतो आणि मुलांना आलेख हा शब्दही माहीत नसतो. सर्वांत लांब पट्टी कोणती, बोटापेक्षा छोट्या किती, सलग किती दिवस पट्टीच नाही, असे प्रश्न विचारा. हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलीमीटरच्या वर पडलेल्या पावसाला जोरदार म्हणतं आणि ११५.५ च्या वर गेला की अति जोरदार. साडेसहा सेंटिमीटर आणि साडेअकरा सेंटिमीटर लांबीचे दोन रंगीत दोरे बाजूला टांगा. रोजची पट्टी दोऱ्याशी ताडून पाहिली की ‘जोरदार’ म्हणजे केवढा, ते मुलांना नेमकं कळतं. वर्तमानपत्रातला आकडा आपल्या पट्टीशी जुळेलच असं नाही. खात्याची नोंद सकाळी साडेआठची असते, आपली शाळा भरल्यावरची, आणि पाऊस एका डोंगराआड वेगळाच पडतो. हा फरक लपवू नका.

महिना संपला की त्या महिन्याच्या पट्ट्या टोकाला टोक लावून जमिनीवर मांडा आणि एका मुलाला शेजारी झोपवा. जुलैची लांबी चांगल्या पावसाच्या वर्षी मुलाच्या कमरेच्या वर सहज जाते. सगळं पाणी वाहून न जाता अंगणातच उभं राहिलं असतं तर ते कुठवर आलं असतं, याचं चित्र त्या दिवशी वहीत काढायला सांगा.

भाताचं बी, मीठ आणि एक डबा

जूनमध्येच हा छोटा उपक्रम करता येतो. शेतकरी पेरणीआधी भाताचं बी मिठाच्या पाण्यात घालतात, पोकळ दाणे वर तरंगतात ते काढून टाकतात. प्रमाण १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ. वर्गात एक लिटर पाणी आणि ३० ग्रॅम मीठ पुरे. आधी साध्या पाण्यात दाणे टाकून अंदाज घ्या, मग मिठाच्या. तरंगलेले दाणे नखाने फोडून आत काय आहे ते मुलांनी पाहावं. बुडालेले दाणे दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन, तळाला भोकं पाडलेल्या डब्यात मातीवर पेरा. शेजारच्या डब्यात तरंगलेले पेरा. आठवड्यात दोन्ही डबे बोलू लागतात. बी घरचंच वापरा. दुकानातल्या पिशवीतल्या बियाण्याला बहुतेकदा गुलाबी-लाल औषध चोळलेलं असतं, ते मुलांच्या हाती देऊ नका.

जुलैत लावणी लागली की काही मुलं घरच्यांबरोबर शेतावर जातात. तो दिवस बुडाला असं मानू नका. परत आल्यावर त्यांना पुढे बसवा आणि रोपं कशी उपटली, चिखलात कशी लावली ते सांगू द्या. डब्यातली रोपं तेव्हा वितभर झालेली असतात.

पावसाळी बाहेर पडण्याबद्दल: पायाला जखम असलेल्या मुलाला चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात उतरवू नका. कोकणात लेप्टोस्पायरोसिस पावसाळ्यात आढळतो आणि तो जखमेवाटे शिरतो. माजावर आलेले पिवळेधमक बेडूक, डबक्यातली बेडकाची पिल्लं काठावरूनच पाहा. बाटलीत भरून वर्गात आणायची गरज नाही. एक डबकं ठरवून दर दोन दिवसांनी तिथे जायचं, पिल्लांना पाय फुटले का ते पाहायचं, एवढं पुष्कळ आहे.

जोरदार पावसात बाहेर जाता येत नाही तेव्हा जांभ्याचा कोरडा तुकडा पाण्याच्या बादलीत टाका. बुडबुड्यांची रांग लागते. मग काळ्या दगडाचा तुकडा टाका. चिऱ्याच्या छिद्रांत हवा दडलेली असते, तिची जागा पाणी घेतं. मुलांच्या घरांच्या भिंती याच दगडाच्या आहेत, त्यामुळे पुढचे प्रश्न तीच विचारतात.

तेरडा

श्रावण-भाद्रपदात रस्त्याकडेच्या बांधावर तेरडा फुलतो. कोकणात बऱ्याच घरी गौर म्हणून तेरड्याचीच रोपं पुजतात, त्यामुळे मुलांना तो ओळखीचा असतो. पहिलीसाठी याच्याहून चांगली वनस्पती मला माहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पहिलं काम: ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण तपासायची. झाडावरच्या ताज्या उमललेल्या पाच फुलांच्या देठांना सैल दोरा बांधा आणि रोज त्याच वेळी जाऊन रंग पाहा. मेणखडूने रोज एक ठिपका वहीत काढायचा, फुलाचा रंग जसा दिसेल तसा. पाचही फुलं सारख्याच दिवशी कोमेजतात का? उन्हातलं आणि सावलीतलं सारखं टिकतं का? आजीने सांगितलेली गोष्ट आपणही तपासून पाहू शकतो, हे सहा वर्षांच्या मुलाला कळणं मोठी गोष्ट आहे. उत्तर तीन दिवस येवो नाहीतर चार, जे दिसलं तेच लिहा.

दुसरं काम शेंगांचं. फुगलेली, पिकायला आलेली शेंग चिमटीत धरली की ती तडकन फुटते, साल गुंडाळते आणि बिया उडतात. हे पाहताना मुलं इतकी आनंदतात की वर्ग आवरणं कठीण होतं, आणि आवरूही नये. थोड्या वेळाने जुनी पांढरी चादर जमिनीवर पसरा, मधोमध शेंग फोडा आणि बिया कुठवर गेल्या ते पावलांनी मोजा. हिरवी कोवळी शेंग का फुटत नाही? पिकलेली कशी ओळखायची? दोन-तीन दिवसांत मुलं नुसत्या नजरेने ‘ही फुटणार’ असं सांगू लागतात. त्यांनी हे निरीक्षणातून मिळवलेलं असतं, कुणी सांगितलेलं नसतं. बिया वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा, पुढच्या जूनमध्ये शाळेच्या कुंपणाशी पेरा.

गणपतीच्या सुट्टीनंतर सिंधुदुर्गातल्या शाळेत माटवीबद्दल (गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या चौकटीबद्दल) नक्की बोला. माटवीला बांधलेली फळं, पानं, फुलं कोणकोणती होती ते मुलांना विचारून फळ्यावर चित्रं काढा आणि ती गटांत लावा: वेलीवरची, झाडावरची, शेतातली. गटाचे नियम मुलांनाच ठरवू द्या. माटवीतलं कवंडळ लाल आणि मोहक असतं, कळलावीचं फूलही, पण दोन्ही विषारी आहेत, तोंडात जायला नकोत. घरी वडीलधाऱ्यांनाही हे ठाऊक असतं, वर्गातही एकदा सांगा.

याच दिवसांत सड्यावर (जांभ्याच्या मोकळ्या पठारावर) फुलांचे गालिचे पसरतात. जायचं असेल तर एखादा जाणता ग्रामस्थ बरोबर घ्या आणि मुलांना दगड उचलू देऊ नका. जांभ्याच्या दगडाखाली फुरसं हा विषारी साप असू शकतो, आणि तो अंगावर धावून न येताही हाताला सहज चावतो. सगळ्यांच्या पायांत बंद बूट हवेत. नसतील तर सडा राहू द्या, शाळेच्या अंगणात भरपूर आहे.

आमसूल आणि हळद

पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडून थोडी आमसुलं, हळद आणि खाण्याचा सोडा मागून घ्या. हा प्रयोग ऑक्टोबरच्या उकाड्यात, मुलं कंटाळलेली असताना करावा.

आमसुलं रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. लाल पाणी गाळून तीन वाट्यांत घाला. एका वाटीत काहीच नाही, दुसरीत लिंबाचा रस, तिसरीत चिमूटभर सोडा. सोड्याच्या वाटीत फसफसून फेस येतो. थोडा थोडा सोडा घालत राहिलं की लाल रंग काळपट जांभळ्या-निळ्याकडे झुकतो. लिंबाच्या वाटीत लालच राहतो. मग हळदीची पाळी: हळद पाण्यात कालवून कागदाच्या पट्ट्यांना लावा, वाळवा. साबणाच्या पाण्याचा थेंब पडला की पिवळ्याचा तांबूस होतो, त्यावर आमसुलाचं पाणी टाकलं की पुन्हा पिवळा. हळदीत चुना मिसळून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर आहे.

चुना मात्र पहिलीच्या मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. सोडा आणि साबण पुरतात. आम्ल-आम्लारी यांची व्याख्या सांगायच्या भानगडीत पडू नका. घरातल्या आणखी कोणकोणत्या वस्तू हळदीचा रंग बदलतील, याची यादी मुलांनी करावी आणि दुसऱ्या दिवशी एकेकाने एक वस्तू आणून पट्टी लावून पाहावी. प्रयोगातलं काहीही प्यायचं नाही, हे सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा सांगा.

दिवाळीनंतर किनारा

पावसाळ्यात मुलांना किनाऱ्यावर नेऊ नका, सप्टेंबरातही नाही. यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होते, पण म्हणून लगेच समुद्र शांत झाला असं होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

भरती-ओहोटीची वेळ काढायला इथले खलाशी एक सोपा हिशोब करतात: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठाला पाऊण म्हणजे सहा, सहाच्या सुमाराला भरती. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. षष्ठीला भरती साडेचारच्या आसपास, म्हणजे सकाळची ओहोटी पावणेअकराच्या जवळ येते. शाळेच्या सहलीला ही तिथी सोयीची. गावागणिक अर्धा-एक तास मागेपुढे होतो, म्हणून पालकांतल्या एखाद्या तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) विचारूनच दिवस ठरवा आणि शक्य असेल तर त्यालाच बरोबर घ्या. पाणी उतरत असताना खडकांकडे जायचं आणि ते पुन्हा चढायला लागायच्या आत वाळूवर परतायचं.

चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवं. पाण्यात कोणीच उतरायचं नाही. किनाऱ्यावर मरून पडलेली जेलीफिशही डंख करू शकते, तिला हात नको. शंख उचलण्याआधी उलटा करून आत कोणी राहत नाही ना ते पाहायचं.

किनाऱ्यावर करायचं काम एकच ठेवा. पाण्याच्या कडेला वाळूत काठी रोवा, दहा मिनिटांनी पाणी कुठे गेलं तिथे दुसरी, मग तिसरी. तीन काठ्यांवरून पाणी येतंय की जातंय ते मुलांनी ठरवायचं. उरलेला वेळ खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची काढलेली नक्षी पाहण्यात घालवा.

परत येताना दोन बाटल्या समुद्राचं पाणी आणा. एका काळ्या पसरट थाळीत बोटभरापेक्षा कमी उंचीचं पाणी घालून उन्हात ठेवा, शेजारी तेवढंच विहिरीचं पाणी. जानेवारीच्या कोरड्या हवेत काही दिवसांत समुद्राच्या थाळीत पांढरे कण उरतात. एका लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे दोन मोठे चमचे. भिंगाखाली कण चौकोनी दिसतात. रायगडात पेण-उरणकडची मुलं मिठागरं पाहत मोठी होतात, त्यांच्याकडे सांगायला पुष्कळ असतं. शिरोड्याच्या आसपास शाळा असेल तर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची गोष्ट याच दिवशी सांगा.

आणखी एक: सकाळी दोन डबे उन्हात ठेवा, एकात कोरडी वाळू, एकात पाणी. दुपारच्या जेवणाआधी हात लावून पाहा. वाळू लवकर तापते, पाणी मागे राहतं. दुपारी वारा समुद्राकडून येतो आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो, त्याचं मूळ इथे आहे. पण पहिलीत ‘कोणता डबा जास्त गरम?’ इथेच थांबा. खारे वारे आणि मतलई वारे पुढच्या इयत्तांत भेटतील.

किनाऱ्यालगतच्या घरांतल्या मुलांना आईवडिलांसोबत एक काम द्या. दसऱ्यापासून दर पंधरा दिवसांनी एकाच जागी उभं राहून सूर्य कुठे बुडतो ते पाहायचं आणि क्षितिजाच्या चित्रावर खूण करायची. डावीकडे समुद्रात घुसलेलं डोंगराचं टोक असलं तर खूण सोपी होते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेपर्यंत सूर्य डावीकडे सरकत जातो, मग उलटा फिरतो. तो रोज एकाच जागी मावळत नाही, हे कितीतरी मोठ्या माणसांनीही पाहिलेलं नसतं.

मंडणगड-दापोलीकडे असाल तर वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण गावकरी आणि वनविभाग मिळून करतात. अंड्यांतून पिल्लं यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. पिल्लं समुद्रात सोडताना दुरून पाहायला पहिलीची मुलं नेता येतात, फक्त हात लावायचा नाही आणि मोबाइलचा प्रकाश पाडायचा नाही. दोडामार्ग-सावंतवाडी भागात मात्र थंडी-उन्हाळ्यात रानात सहल ठरवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. तिकडे गोचिडीमुळे माकडताप झालेला आहे.

मोहोर ते बाठा

डिसेंबर-जानेवारीत शाळेजवळचं एखादं आंब्याचं झाड निवडा. फवारणी होणारं बागेतलं कलम नको, रायवळ (बाठ्यापासून, म्हणजे कोयीपासून उगवलेलं) झाड बरं. हाताला येणाऱ्या तीन तुऱ्यांना रंगीत दोरे बांधा. तुऱ्यात फुलं शेकड्यांनी असतात, ती मोजायचा आग्रह नको. फळ धरलं की दर सोमवारी फक्त बारीक कैऱ्या मोजा. बागायतदार फळाची वाढ वाटाण्याएवढी, सुपारीएवढी, अंड्याएवढी अशी सांगतात, तीच मापं मुलांना द्या: बाकावर एक वाटाणा, एक सुपारी ठेवा आणि चित्रात लिहा. दर आठवड्याला आकडा घटतो. एवढी फुलं आणि शेवटी दोनच कैऱ्या, हे पाहून मुलं काळजीत पडतात. झाड सगळी फळं पोसू शकत नाही, हे तेव्हा सांगायला हरकत नाही. वजाबाकीला याहून खरा संदर्भ मिळणार नाही.

मार्चमध्ये काजू. बी बोंडूच्या (काजूच्या फळाच्या) आत नसते, त्याखाली बाहेर लटकते, हे भिंगाने पाहा, बोंडूचा रस बोटाला लागू द्या. ओल्या बियांच्या सालातलं तेल कातडी भाजतं, म्हणून बी फोडणं किंवा भाजणं वर्गात नाही. सावरीचा कापूस त्याच सुमाराला उडतो. तो फुंकून कोणाचा लांब जातो, एवढा खेळ पुरे.

सुट्टी लागण्याआधी प्रत्येक मुलाला एक काम द्या. मे महिन्यात खाल्लेल्या आंब्यांतला एक बाठा धुऊन, खाल्ल्यावर आठवड्याच्या आत, मातीने भरलेल्या पिशवीत पेरायचा. बाठा फार वाळला तर उगवत नाही, म्हणून जूनपर्यंत जपून ठेवायचा नाही. पिशवी सावलीत ठेवायची, माती ओली राहील एवढंच पाणी. दोन ते चार आठवड्यांत तांबूस कोंब येतो. कोंब दिसला त्या दिवसाची तारीख घरातल्या मोठ्यांकडून पिशवीवर लिहून घ्यायला सांगा, आणि वर्षभराची बिनरेघी वही दुसरीच्या शिक्षकांच्या हाती द्या, म्हणजे जूनमध्ये रोप आणि वही एकत्र येतील आणि त्याच वहीत पुढचं पान सुरू करता येईल.